देवाचा वाटा

ओल्या घोंगडीचं एक टोक नुवाराच्या हातात होतं आणि दुसरं वसीलाच्या. जिन्याच्या चौकात उभ्या राहून दोघी ती उलटसुलट पिळत होत्या आणि पाणी पायऱ्यांवरून खाली पळत होतं. हे काम पूर्वी गच्चीवर व्हायचं. यंदा उन्हाळ्यात घरमालकाने धाकट्या मुलाच्या लग्नासाठी गच्चीवर खोल्या चढवल्या आणि वाळत घालायच्या दोऱ्यांसकट गच्ची गेली.

"तुझ्या गिझरची ज्योत पिवळी जळते का गं?" नुवाराने मध्येच विचारलं.

वसीलाचं लक्ष नव्हतं. तिचा एक कान घरात झोपलेल्या अनीसकडे होता. तो नुकता रांगायला लागला होता, आणि तेव्हापासून तिला घरातली प्रत्येक वस्तू त्याच्या वाईटावर टपल्यासारखी वाटायची.

नुवारा सांगत राहिली. आधी निळी असायची, वरचं बांधकाम झाल्यापासून पिवळी झाली, वर काजळी धरते. न्हाऊन बाहेर आलं की डोकं ठणकतं. "तू शिकलेली आहेस, तुझं ऐकेल तो. चल ना, दोघी मिळून हाज दर्राजीला सांगू."

"डोकं गिझरने नाही दुखत, बाई, सासूने दुखतं," वसीला म्हणाली. "त्याला घरमालक काय करणार?"

नुवारा इतकी हसली की घोंगडीचं टोक हातातून सुटलं. हळू बोल, म्हणाली, तिचे कान तिखट आहेत. मग दोघींनी घोंगडी कठड्यावर टाकली आणि विषय तिथेच राहिला. वसीलाने सेतीफ शहरातल्या विद्यापीठात रसायनशास्त्राची पदवी घेतली होती. पिवळी ज्योत म्हणजे गॅस अर्धवट जळतोय आणि विषारी वायू सुटतोय, हे तिला दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पठारावर थंडी पडली आणि बर्फाने रस्ते बुजले. गुरुवारची संध्याकाळ ही घरोघरी न्हाण्याची. नुवारा लेकीला, शाहिनाझला, घेऊन न्हाणीघरात गेली. नवरा तय्यब दूर दक्षिणेला वाळवंटात तेलाच्या विहिरींवर कामाला. घरात ह्या दोघी आणि मक्केची यात्रा करून आलेली सासू, हाजा अल्जिया. हाजाने बाहेर गालिच्यावर नमाज पढली, जपमाळ ओढली, आतून पाण्याचा आवाज येतच होता. तिने हाक मारली. पुन्हा मारली. मग समोरचं दार वाजवलं.

वसीलाच्या नवऱ्याने, नासरने, खांद्याने दार तोडलं. वसीला मागून आत गेली. मायलेकी भिंतीला टेकून बसल्यासारख्या होत्या. शाहिनाझच्या केसांत साबणाचा फेस अजून तसाच होता. तिचे गाल गुलाबी होते, आत्ताच बर्फात खेळून आल्यासारखे.

बंबवाले आले. त्यांच्यातला एक जण स्टुलावर चढला, भिंतीतल्या झरोक्यातून त्याने एक गुंडाळलेला टॉवेल ओढून काढला आणि जिन्यात जमलेल्या माणसांना दिसेल असा वर धरला. तेवढ्यावर निकाल लागला. झरोका बुजवला होता. धूर आत कोंडला. बिचारी नुवारा, आपल्याच हाताने. दुसऱ्या दिवशी दफनाला जाताना माणसं टॉवेलाबद्दल बोलत होती आणि परत येतानाही टॉवेलाबद्दलच बोलत होती. वर गच्चीवर जाऊन कुणी पाहिलं नाही.

खरं तर त्या इमारतीत चिंधी न कोंबलेला एकही झरोका नव्हता. पठारावरचं वारं हाडात शिरतं. गॅसवाला माणूस दर वर्षी येतो, जाळी उघडी ठेवा म्हणून सांगतो, बायका हो हो म्हणतात, आणि त्याची पाठ वळली की पोरांचे जुने स्वेटर भिंतीत जातात. वसीलाच्या स्वयंपाकघरातल्या झरोक्यात अनीसचं फाटकं दुपटं होतं. ते तिने त्याच संध्याकाळी ओढून काढलं आणि नासर कुरकुरला तरी खिडकीही उघडी ठेवली.

सुतकाच्या घरात तीन दिवस चूल पेटत नाही. शेजाऱ्यांकडून कुसकुसच्या पराती येतात, बायका भिंतीलगत ओळीने बसतात, कुणीतरी नव्याने येतं आणि रडणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. वसीला अनीसला कडेवर घेऊन पराती आत-बाहेर करत होती आणि ऐकत होती. देवाला आवडली म्हणून नेली. स्वर्गातलं पाखरू झालं गं पोर. उद्या कयामतीच्या दिवशी आजीचं बोट धरून तीच आत नेईल. रडू नका, मेलेल्याला आसवं जड होतात. मक्तूब. लिहिलेलंच होतं.

प्रत्येक वाक्यासरशी वसीलाच्या मानेची शीर ताठत होती. देवाला एखादं पोर आवडलं की तो धूर कोंडून त्याचा जीव घेतो, असला देव ह्या बायकांनी कुठून आणला? आणि पुन्हा तोच दयाळू, तोच कृपाळू. घास उचलायच्या आधी, दार उघडायच्या आधी, पोराला उचलायच्या आधीसुद्धा त्याच्या दयेचं नाव घ्यायचं. त्या दिवशी सकाळी अनीसला पाळण्यातून काढताना तिच्या तोंडून ते शब्द सवयीने निघाले आणि अर्ध्यावर अडकले. तिने पोराला तसंच उचललं. तेव्हापासून तिला सारखं वाटत होतं की आपण काहीतरी उघडं टाकून आलोय.

हाजा अल्जिया कोपऱ्यात पांढरी चादर पांघरून बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. येणारी प्रत्येक बाई तिच्या खांद्यावर डोकं टेकवायची, आणि ती त्या बाईच्या पाठीवर हात फिरवत म्हणायची, मक्तूब, मुली, मक्तूब. जणू दुःख त्यांच्या घरचं होतं आणि सांत्वनाला ही आली होती. वसीलाला तिचा संताप आला. एवढीशी नात गेली आणि ही म्हातारी देवाची वकिली करत बसली आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी वसीला अनीसला कडेवर घेऊन जिना चढून वर गेली. नव्या खोल्यांना अजून कुलूप नव्हतं. आत रंगाचा वास होता, भिंतीला टेकून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पलंग उभा होता, जमिनीवर चकचकीत फरशा. वसीलाने मनातल्या मनात जुनी गच्ची मांडून पाहिली. इथे दोरी बांधलेली होती, इथे पाण्याची टाकी, आणि टाकीपासून हाताच्या अंतरावर तिन्ही धुराडी, विटांची, कमरेएवढी. थंडीत त्यांच्या उबेला पाठ लावून ती आणि नुवारा कपडे वाळायची वाट बघायच्या. तिन्ही मजल्यांवरच्या गिझरांचा धूर त्यांतून वर जायचा. त्या जागी आता फरशी होती. धुराडी वरपर्यंत चढवली असतील म्हणून ती बाहेर जाऊन छपराकडे मान वर करून फिरली. छप्पर सपाट होतं. गवंड्याने धुराडी वरून छाटली होती आणि त्यांच्या तोंडावर सरळ स्लॅब ओतला होता.

अनीस फरशीवर उतरायला धडपडत होता. तिने त्याला घट्ट धरलं. नुवाराचा हसताना सुटलेला हात तिला दिसला, आणि ती जवळजवळ धावतच खाली आली.

नासरला तिने सगळं सांगितलं. तो बराच वेळ बुटाची नाडी बांधत राहिला.

"घर त्याचं आहे, वसीला," शेवटी म्हणाला.

"आणि धुराडं कुणाचं आहे? आपला गिझरही त्यालाच लागतो."

"म्हणूनच म्हणतो, आपण गिझर लावायचा नाही, खिडकी उघडी ठेवायची. पण त्या माणसाने मशिदीला मिनार बांधून दिलाय. त्याच्याविरुद्ध तोंड उघडायला तू तरी कुणाला तयार करणार आहेस?"

 संध्याकाळी बायका पांगल्यावर वसीला हाजा अल्जियाच्या समोर जाऊन बसली. सांत्वनाचं बोलायला आली नव्हतीच. वर काय पाहिलं ते तिने एका दमात सांगून टाकलं, आणि शेवटी तिचा आवाज चढला.

"तुम्ही मक्तूब म्हणता, हाजा. हे देवाने नाही लिहिलं. हे सिमेंटने लिहिलंय."

हाजाच्या बोटांतली जपमाळ थांबली.

"तिन्ही धुराडी?" तिने विचारलं.

"तिन्ही."

"आणि टॉवेल नसता तर?"

पुन्हा तो टॉवेल. वसीलाला वाटलं, मेलेल्या सुनेवर खापर फोडायची हिलाही घाई झालीय. पण रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाला खोटं सांगता येईना. झरोका उघडा असता तर कदाचित वाचल्या असत्या, असं ती म्हणाली. धुराडं उघडं असतं तर नक्कीच वाचल्या असत्या. हाजाने मान हलवली, जणू बाजारात कुणी भाव सांगावा आणि तिने तो ध्यानात ठेवावा. मग चादर पुन्हा खांद्यावर ओढून घेतली.

"उद्या ते येणार आहेत," ती म्हणाली. "तू कॉफी करायला ये."

ते येणार हे सगळ्यांना ठाऊकच होतं. तिथली रीतच तशी. कुणाच्या हातून कुणाचं माणूस गेलं, गाडीखाली म्हणा, कामावर म्हणा, तर तिसऱ्या दिवशी गावातली पाचपंचवीस वजनदार माणसं त्याला मध्ये घालून सुतकाच्या घरी येतात. बरोबर मेंढा, साखर, कॉफी. माफी मागितली जाते, घरचा माणूस 'माफ केलं' म्हणतो, सगळे तळहात वर करून फातिहाची प्रार्थना पढतात, आणि प्रकरण तिथे मिटतं. पोलीसही ते मिटलं असं मानतात. नाही म्हणण्याची पद्धत नाही. नाही म्हणणाऱ्याच्या घरात बरकत राहत नाही, असं म्हणतात.

परवाच्या दिवशी तय्यबला चौकीत जाऊन जबाब द्यायचा होता. उद्या त्याने माफ केलं की परवाच्या कागदावर एक टॉवेल तेवढा राहणार, आणि तीन मजल्यांवरची माणसं त्या बुजलेल्या धुराड्यांखाली न्हात राहणार. वसीलाला झोप लागली नाही. पोराच्या नाकासमोर ती पुन्हापुन्हा हात धरून बघत होती.

बैठकीच्या खोलीत पुरुष भिंतींना टेकून बसले. मधोमध हाज दर्राजी, पांढऱ्या लोकरी बुरनूसच्या झग्यात, मान खाली. तो काही राक्षस नव्हता. ईदला सगळ्या पोरांना नवे बूट घेणारा, भाडं थकलं तर महिनाभर न विचारणारा माणूस. तेच वसीलाला सहन होत नव्हतं. खाली दारात मेंढा बांधला होता आणि त्याचं बें बें जिन्यातून वर येत होतं. तय्यब दाराजवळ बसला होता. प्रवासातला कोट त्याने अजून अंगावरून काढला नव्हता. तो कुणाकडेच बघत नव्हता. त्याला जे सांगितलं असतं त्याला त्याने मान हलवली असती. हाजा अल्जिया त्याच्या शेजारी येऊन बसली. तिच्या वयाच्या बाईला पुरुषांत बसायला कुणी हरकत घेत नाही.

वसीलाने कॉफीचे पेले मांडले आणि ताट घेऊन दाराच्या चौकटीत उभी राहिली. मागणं मान्य होईपर्यंत पाहुणे कॉफीला हात लावत नाहीत. पेल्यांतून वाफ निघत होती.

सी लयाशी, म्हणजे लयाशीसाहेब, हे निवृत्त शाळामास्तर; असल्या प्रसंगी बोलायचं काम त्यांच्याकडेच असायचं. त्यांनी देवाचं नाव घेतलं, गेलेल्यांसाठी दुआ मागितली, माणूस किती दुबळा आणि नशिबापुढे राजेही कसे हात टेकतात ते सांगितलं. आवाज चांगला होता. दोघातिघांनी डोळे पुसले. हाज दर्राजीची इच्छा आहे की हाजाने त्याच्या खर्चाने पुन्हा एकदा मक्केला जाऊन यावं, असंही ते म्हणाले.

"जे झालं ते त्याच्या लेखणीतलं, हाजा. त्यापुढे तुझं चालत नाही, ह्याचंही चालत नाही. एकाच जिन्यावर राहायचंय सगळ्यांना. मन मोठं कर. माफ केलं म्हण आणि फातिहा पढू."

"त्याच्या लेखणीतलं," हाजा म्हणाली.

"हो ना."

"मग माफ कुणाला करू, लयाशी? त्याला?"

खोलीत चुळबुळ झाली. कुणीतरी पुटपुटत देवाची क्षमा मागितली.

"रागाने नाही, खरंच विचारते," हाजा म्हणाली. तिचा आवाज रोज सुनेला मीठ कुठे ठेवलंय विचारायची तेवढाच होता. "देवाच्या वतीने माफी मागायला मेंढा घेऊन कुणी येत नाही. त्याचं नि माझं मी बघून घेईन. हा दर्राजी आलाय तो कशाबद्दल?"

"सगळ्याबद्दलच, हाजा," हाज दर्राजी मान वर न करता म्हणाला.

"सगळ्याबद्दल म्हणजे कशाबद्दलच नाही."

भिंतीकडचा एक जण पुढे सरकला. देव नुवाराला जन्नत देवो, पण खरं बोलायचं तर झरोक्यात टॉवेल होता, बंबवाल्यांनी सर्वांदेखत काढला, आता मेलेल्या माणसाला कोण दोष देतंय, पण...

"टॉवेल मी कोंबला होता."

वसीलाने चौकटीतून वाकून हाजाकडे पाहिलं.

"नुवारा नको नको म्हणत होती," हाजा सांगू लागली. "अम्मी, राहू दे, गुदमरतं, म्हणाली. मी म्हटलं, तुला गुदमरतं, पोरीला वारं लागेल. ह्या गुडघ्यांनी स्टुलावर चढले आणि माझ्या हाताने कोंबला. तीन दिवस तुम्ही तो माझ्या सुनेच्या नावावर लावताय आणि मी गप्प बसून ऐकतेय. आज सांगते. तो माझा वाटा आहे. तो मी तिच्याकडे जाऊ देणार नाही. आणि देवाकडेही ढकलणार नाही."

तय्यबने पहिल्यांदाच मान वळवून आईकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती हाज दर्राजीकडे बघत होती.

"आता तुझा सांग."

 खाली मेंढा ओरडत होता.

"तोंडाने सांग, दर्राजी. गच्चीवर काय केलंस ते इथे सर्वांसमोर सांग. माझा वाटा मी काढून ठेवलाय, तू तुझा काढ. दोन्ही बाजूला ठेवू. मग जे उरेल ते देवाच्या नावावर घालू, आणि ते मी सोसीन. तू सांगितलंस तर ह्या क्षणी माफ करते. मक्का नको, मेंढा नको."

हाज दर्राजीचे ओठ हलले. वसीलाने पाहिलं, त्याच्या कपाळावर घाम आला होता. त्या एका क्षणी तिला वाटलं, तो सांगेल. तिला इतकं मनापासून वाटलं की तिचा राग त्याच्या बाजूने प्रार्थना करू लागला.

"गवंडी म्हणाला होता की..." त्याने सुरुवात केली आणि तो थांबला.

"गवंड्याला मी ओळखत नाही," हाजा म्हणाली.

सी लयाशी खाकरले. असल्या वेळी वडीलधाऱ्यांनी पोरकटपणा करू नये, सैतान दोन भावांच्या मधोमध बसायलाच टपलेला असतो, असं काहीसं ते घाईघाईने बोलले. मग त्यांनी तळहात वर केले. "फातिहा."

एकेक करून हात वर जाऊ लागले. भिंतीलगत ओळीने पंजे उघडत गेले. हाज दर्राजीचे सगळ्यांत आधी गेले होते. तय्यबचे हात गुडघ्यांवरून उठले, छातीपर्यंत आले. हाजाचे हात तिच्या मांडीवर होते, पालथे. त्या हातांकडे पाहत तय्यब तसाच थांबला, मग त्याने आपले हात खाली घेतले आणि आईच्या हातांशेजारी ठेवले, तसेच पालथे.

ज्यांच्यासाठी पढायची तेच पढत नसतील तर फातिहा कुणाची? सी लयाशींचा आवाज दुसऱ्या ओळीवर अडखळला. वर गेलेले पंजे कुठे ठेवावेत हे कुणाला कळेना. काहींनी तोंडावरून फिरवले, काहींनी कपडे झटकले. माणसं बूट शोधू लागली.

वसीलाने थंड कॉफीचे भरलेले पेले आत नेले आणि मोरीत ओतले. हाजा तिच्यामागोमाग स्वयंपाकघरात आली आणि पाटावर बसली. मघाच्या बाईत आणि हिच्यात आता काही साम्य नव्हतं. अंगातली हवा गेल्यासारखी ती लहान दिसत होती.

"तिने मला सांगितलं होतं," वसीला पेला विसळत म्हणाली. मागे वळून बघायचं धाडस तिला होत नव्हतं. "ज्योत पिवळी झालीय म्हणून. मी..."

"ठाऊक आहे. दाराआडून ऐकलं मी. सासूने डोकं दुखतं म्हणालीस."

वसीलाचे हात पाण्यातच राहिले.

"खोटं नव्हतं ते," हाजा म्हणाली. आणि मग पहिल्यांदाच, त्या पाटावर बसल्या बसल्या, ती रडली.

रडणं ओसरल्यावर वसीलाने विचारलं, हाजा, त्याचं नि माझं मी बघून घेईन म्हणालात, ते कसं? तुम्ही तर तीन दिवस सगळ्यांना मक्तूब सांगत होतात.

"येणाऱ्या बायकांना दुसरं काय सांगू? त्या बिचाऱ्या रडायला आलेल्या." हाजाने चादरीने नाक पुसलं. "पहाटेची नमाज झाली की मी त्याच्याशी भांडते. मोठ्याने. म्हणते, मी अडाणी म्हातारी, झरोका बुजवला. दर्राजी हावरा, त्याने धुराडं बुजवलं. आम्ही दोघं आंधळे. तू तर झोपत नाहीस. डुलकीही लागत नाही म्हणतोस. मग तू काय करत होतास?"

"आणि?"

"अजून काही बोलला नाही."

"मग नमाज कशाला पढता?" वसीलाचा आवाज पुन्हा चढला. तिला तो आवरता आला नाही. "जो चार वर्षांच्या पोरीसाठी एक झरोका उघडू शकत नाही..."

"दर्राजीशी मी भांडले का? एकदा विचारलं, सोडून दिलं. त्याच्याकडून अपेक्षाच नाही." हाजा पाटावरून उठायला लागली, वसीलाने हात दिला. "ह्याला मी सोडणार नाही, पोरी. चांगला म्हणवतो ना? मग त्याने उत्तर द्यावं. मी रोज विचारणार."

दुसऱ्या दिवशी तय्यबने चौकीत गच्चीबद्दल सगळं सांगितलं, आईच्या टॉवेलासकट. कुणीतरी साहेब येऊन वरच्या खोल्यांचे फोटो काढून गेले. कागद फिरू लागले, अजून फिरताहेत. मेंढा दोन दिवस दारात ओरडत राहिला, तिसऱ्या दिवशी दिसला नाही. गंमत अशी की त्या आठवड्यात इमारतीतल्या प्रत्येक झरोक्यातली चिंधी निघाली. रस्त्यावरून वर पाहिलं की सगळ्या जाळ्या उघड्या, काळ्या दिसायच्या. त्याबद्दल कुणी एक अक्षर बोललं नाही. बोलले ते हाजाबद्दल. स्वतः झरोका बुजवून वर मिनार बांधणाऱ्याला बोल लावते. दारी आलेली माफी लाथाडते. देवाशी मोठ्याने भांडते, भिंतीतून ऐकू येतं, म्हातारपणी इमान गेलं. तिच्याकडे ताट पाठवणं बायकांनी बंद केलं. तय्यबची रजा संपली, तो दक्षिणेला गेला. आईला बरोबर चल म्हणाला होता. ती म्हणाली, नाही. नुवाराची आणि शाहिनाझची कबर इथे, मी वाळवंटात काय करू?

वसंत ऋतू यायच्या आत हाज दर्राजीने नासरला बोलावून अतिशय नम्रपणे सांगितलं की पुतण्याला जागा हवी आहे. वसीला आता समुद्राकाठच्या गावात राहते. इथे थंडी नाही, खिडकी बारा महिने उघडी असते, आणि तरीही रात्री तिचा हात पोराच्या नाकाशी जातो. त्याला उचलताना ते दयेचे शब्द ती अजून अर्धेच म्हणते. हाजाला फोन लावते. फोन वाजत राहतो. कान तिखट असलेली बाई, पण फोनची घंटा तिला ऐकूच येत नाही की तिला तो उचलायचाच नसतो, कळत नाही. समोरच्या जागेत आता पुतण्या राहतो. त्याला विचारण्यात अर्थ नाही.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी त्या पठारावरून जाणार असेल तर वसीलाचं एवढं काम करा. हाजा अल्जिया कुठे राहते, असं चौकात विचारलंत की लोक आधी तोंड फिरवतील, मग बोट दाखवतील. तिसरा मजला, डावीकडचं दार. पहाटेची नमाज झाल्यावर जा. दार लगेच वाजवू नका, आधी कान लावा. आत कुणी म्हातारी कुणाशी कडाडून भांडत असेल तर तिला अडवू नका, पायरीवर बसून राहा. भांडण झालं की ती दार उघडेल आणि कॉफी देईल.

आवाज येत नसेल तर मात्र थांबू नका. दार ढकला.